माझा एकुलता एक आधुनिक शेतकरी

घरी नवा पाहुणा आला आणि त्यानं "साहेब नोकरीत काय करत होते?" असं विचारलं, की माझी बायको स्वयंपाकघरातूनच उत्तर देते, "सिद्धांत लावत होते." पाहुण्याला वाटतं, हे कुंडल्या वगैरे पाहत असावेत. दोघातिघांनी तर माझ्यापुढे तळहातही पसरले आहेत. मी पाहिलेही. शेतीबद्दल मी जे भविष्य वर्तवलं त्यापेक्षा ते नक्कीच कमी चुकलं असेल.

मी भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत होतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फर्मावलं, "तुमच्या संशोधनाबद्दल लिहा, पण लोकांना समजेल असं लिहा." वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला जरा लागला. पण खरं सांगायचं तर माझा प्रबंध मलाही सगळा समजला असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पहिली तीन प्रकरणं तर कोणी लिहिली असावीत असा प्रश्न मला आजही पडतो.

तर आधी सिद्धांत म्हणजे काय ते सांगतो. आमचं घर विणकराचं. बाबा मागावर बसायचे. लुगडं विणताना उभे धागे आधी लावून घ्यावे लागतात, तो ताणा. मग धोटा इकडून तिकडे फेकत आडवे धागे भरायचे, तो बाणा. संशोधनात सिद्धांत म्हणजे ताणा. माणसं अमुक असं का वागतात याची एक जुळणी अभ्यासक आधी करून ठेवतो आणि गावातून गोळा केलेली माहिती तिच्यातून आडवी ओवत जातो. ताणा नसेल तर माहितीचा नुसता गुंता होतो. हे मी मोठ्या ऐटीत बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "ते बराबर हाय. पन आमी ताणा लावाच्या आंधी विचारून घेतो, नेसनार कोन हाय."

मी काही विचारलं नव्हतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे मार्गदर्शक सर नागपूरला असत. त्यांनी मला एक जाडजूड परदेशी पुस्तक दिलं, त्याचं वरचं पान गळून गेलेलं होतं. त्यातला सिद्धांत असा, की गावात नवी गोष्ट आली म्हणजे ती कोण घेणार हे ज्याच्या त्याच्या मनोवृत्तीवर ठरतं. पुढं पाहणारा माणूस ती घेतो, नशिबावर हवाला ठेवणारा नाकारतो. हा सिद्धांत ज्या देशात जन्मला तिथं चिखलात उतरून धानाची रोवणी करत नाहीत, हे सरांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. आलं असतं तरी आम्ही एक तळटीप टाकून पुढं गेलो असतो.

तेव्हा आमच्याकडे धानाचं नवं बुटकं बियाणं आलं होतं. उतारा जास्त आणि लवकर पिकणारं. तरी बरेच शेतकरी ते घेत नव्हते. का घेत नाहीत? हा माझा संशोधनाचा प्रश्न. उत्तर मला आधीच ठाऊक होतं, फक्त गावात जाऊन ते गोळा करून आणायचं होतं. घाईही होती. डॉक्टरेट झाली नाही तर नोकरी कायम होणार नाही, असं महाविद्यालयानं मला लेखी कळवलं होतं. ते पत्र बायकोनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

गाव निवडलं ते करडी गावाच्या पलीकडचं. त्याचं नाव सांगत नाही. प्रबंधात मी त्याला 'गाव अ' म्हटलं आहे. 'गाव ब' नव्हतंच. करडीपर्यंत एसटी, पुढं सायकल. गावाच्या डोक्यावर जुना मोठा तलाव, त्याच्या पोटाशी उतरत्या बांध्या. बांधी म्हणजे बांधानं चारी बाजूंनी बंद केलेलं धानाचं शेत, हे मी तिथं जाऊन शिकलो. विणकराच्या घरात भात ताटात येतो एवढंच माहीत होतं.

मनोवृत्ती मोजायला मी बारा वाक्यांची मोजपट्टी केली होती. वाक्य वाचायचं, समोरच्यानं सहमत की असहमत ते सांगायचं, मी गुण द्यायचे. "माणसाच्या नशिबात असेल तेच होतं," मी एका म्हातारीला वाचून दाखवलं. "सहमत का असहमत?" ती म्हणाली, "तुमी एवढी सायकल हानत आले बाप्पा, ते तुमच्या नशिबानं आले का माह्या?" याला गुण कसे द्यायचे ते पुस्तकात नव्हतं. मी तिला निम्मे दिले.

आणखी एक भानगड झाली. "नवं बियाणं का घेत नाही?" या प्रश्नाला मी कारणांचे आठ चौकोन छापून आणले होते: अज्ञान, भीती, रूढी असे. माणसं त्यातलं काहीच सांगत ना. जो तो म्हणे, "ते पान्यावर हाय जी." पाण्याचा चौकोन माझ्याकडे नव्हता. मी ते उत्तर 'इतर' मध्ये टाकत गेलो. हां हां म्हणता 'इतर' चा चौकोन गच्च भरला आणि बाकीचे सात रिकामे राहिले. मला लोकांचा राग आला. एवढे छान चौकोन आखून आणले होते.

या सगळ्यात एक माणूस मला हिऱ्यासारखा सापडला. डोमाजी. चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा. तलावाखालच्या रांगेत त्याची मधोमध एक बांधी होती, गावातल्या चांगल्यातली एक. त्याच्या घराचा वर्षाचा तांदूळ तिच्यावर निघायचा. माझ्या मोजपट्टीवर त्याला सगळ्या गावात सर्वांत जास्त गुण पडले. नशीब नाकारलं, शाळेला हो म्हटलं, डॉक्टरला हो म्हटलं. निव्वळ आधुनिक माणूस! फक्त एकच अडचण होती. नवं बियाणं त्यानंही घेतलं नव्हतं.

आता पाहा. मनोवृत्ती सगळ्यात आधुनिक, आणि बियाणं जुनं. सिद्धांताप्रमाणे असा माणूस असायलाच नको. अशा वेळी प्रामाणिक अभ्यासकानं काय करावं? सिद्धांताकडे संशयानं पाहावं. मी डोमाजीकडे पाहिलं. म्हटलं, यानं बियाणं घेतलं पाहिजे. सिद्धांत तपासायचं सोडून मी तो लोकांकडून पाळून घ्यायला निघालो. मे महिन्याच्या उन्हात करडीहून सायकल मारत मी त्याच्या घरी खेपा घातल्या आणि शेवटी तो म्हणाला, "बरं जी, टाकतो पऱ्हे." रोवणीसाठी जी रोपं आधी वाढवतात त्यांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. मी परतीच्या वाटेवर चक्क गाणं म्हटलं.

त्याआधीच्या खेपांत डोमाजी म्हणत होता, नवं बियाणं वरच्या टेकाडावरच्या तुकड्यात लावतो. तिथं तलावाचं पाणी पोचत नाही, पावसावरच जे होईल ते. मी म्हटलं, छे! असं चालत नाही. संशोधनात एक नियम आहे, बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. शेजाऱ्याची माती तीच, पाणी तेच, फक्त बियाणं वेगळं. म्हणून ते मधल्या बांधीतच लावलं पाहिजे. डोमाजीची बायको भागरता दारात धान पाखडत बसली होती. ती सूप न थांबवता म्हणाली, "मास्तर, बाकीचं सारं सारखं कोठी ऱ्हायते जी?" मी वहीत टिपून घेतलं, 'स्त्रिया: परंपरेकडे कल.'

रोवणीनंतर आडकू बुढा ती बांधी पाहायला आला. तलावाचं पाणी सोडायचं, वाटायचं काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे दिलेलं. अशा माणसाला पाणकर म्हणतात. त्यानं रोपांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कवा पिकते?" मी ऐटीत सांगितलं, "तुमच्या या उशिरा पिकणाऱ्या भारी धानापेक्षा महिनाभर आधी!" आडकूनं तलावाकडे पाहिलं, मग रांगेच्या खालच्या टोकाकडे पाहिलं. "असं का," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं, प्रभावित झाला.

ऑक्टोबरात निरोप आला, मास्तराला लवकर पाठवा. मी प्राध्यापक होतो, पण त्या गावानं मला मास्तर हीच पदवी दिली होती आणि ती मला जास्त शोभत होती. सकाळच्या गाडीनं गेलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या मातीच्या बंधाऱ्यावर, पंधरावीस माणसं बसली होती. डोमाजी एका कडेला उभा. त्याचा धान सोन्यासारखा पिवळा झालेला. त्याच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या बांध्या मात्र अजून हिरव्यागार.

आता जे मला त्या दिवशी पाळीवर उभं राहून कळलं ते तुम्हाला सांगतो. त्या गावात पाट नव्हते. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. तुडुमातून पाणी पहिल्या बांधीत, ती भरली की बांध फोडून दुसरीत, मग तिसरीत. शेवटच्या बांधीला पाणी हवं तर ते मधल्या प्रत्येकाच्या उभ्या पिकातूनच गेलं पाहिजे. म्हणून एका तुडुमाखालचे सगळे एकाच मुदतीचा धान लावतात. पाऊस संपला, की भारी धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला एक पाणी लागतंच. नेमकं तेव्हाच डोमाजीचं पीक कापणीला आलं होतं. कापायला जमीन सुकी लागते आणि वरून झिरपणाऱ्या पाण्यानं ती सुकत नव्हती. डोमाजीसाठी आडकूनं आठ दिवस तुडूम बंद ठेवला होता. तेवढ्यात खालच्यांच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या.

"आता नाही थांबता येत," आडकू म्हणाला. "खालच्या सात घरायचा धान वाळून जाईन. मास्तर, तुमी शिकले सवरले. तुमीच सांगा, पानी सोडू का नोको सोडू?"

सोडा म्हणावं तर डोमाजीचं वर्षाचं अन्न चिखलात. नको म्हणावं तर सात घरांचं. आणि लाज वाटते सांगायला, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता डोमाजीला तक्त्याच्या कोणत्या रकान्यात टाकायचं?

डोमाजीच बोलला. "सोडा पानी. सात घरं उपाशी ठेवून म्या काय खाऊ?"

"दुपारपर्यंत दम धरतो," आडकू म्हणाला. "तवरिक जेवढं कापता येईन तेवढं कापा."

मग अख्खी पाळ खाली उतरली. ज्यांचा धान वाळत होता ते सातही घरचे लोक विळे घेऊन आले. भागरता सगळ्यांच्या पुढं, वाकून सपासप कापत निघाली. मीही विळा घेतला, दोन मुठी कापल्या आणि बोट कापून घेतलं. एकीनं माझ्या बोटाला चिंधी बांधली आणि मला बांधावर बसवून ठेवलं. तिथून मी पाहत राहिलो. निम्मी बांधी कापून झाली नाही तो पाणी आलं. उरलेला धान त्या पाण्यात हळूहळू आडवा झाला. कापलेल्या पेंढ्याही ओल्याच होत्या. त्यांना कोंब फुटले. त्या वर्षी डोमाजीच्या घरी काळपट, वास मारणारा भात शिजला आणि तोही उन्हाळ्याआधी संपला. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर मी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आडकूकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. बहुधा शिव्या खायला. त्यानं चहा मांडायला सांगितला आणि विचारलं, "या कागदायत काय हाय?" मी म्हटलं, एकेका घराची माहिती. "ते तुमी लावता कशी?" त्यानं विचारलं. मतदारयादीच्या क्रमानं. आडकू हसला. "पानी का यादी वाचून वाहते का?" मग म्हणाला, "नावं वाचा. मी मांडतो."

आडकूला अक्षर येत नव्हतं. मी नाव वाचायचो, तो कागद घेऊन अंगणात ठेवायचा आणि वर खडा. हा तुडुमाच्या तोंडाशी. हा त्याच्या खालचा. हा दुसऱ्या तुडुमाचा, तिकडं. हे तीन टेकाडावरचे, ते ओट्यावर ठेवा. शेणानं सारवलेल्या त्या अंगणात तासाभरात सगळा तलाव आणि त्याखालची शेती उभी राहिली. एक कोंबडी दोन शेतकऱ्यांवरून चालत गेली, तिला हाकललं. मग मी उभा राहून फक्त बियाण्याचा रकाना वाचत गेलो. नवं बियाणं घेणारे सगळेच्या सगळे ओट्यावर होते. तुडुमांच्या रांगांत एकही नव्हता, डोमाजी सोडून. मनोवृत्तीचे गुण मात्र अंगणभर कसेही विखुरलेले. नशीब मानणारा ओट्यावर होता, न मानणारा रांगेत होता. आणि रांगेतल्या प्रत्येक कागदावर, माझ्याच अक्षरात, 'इतर' च्या चौकोनात लिहिलेलं होतं, पाण्यावर आहे.

माणूस एकटा ठरवतच नव्हता. ठरवायची ती अख्खी रांग. मी दोन वर्षं एकेका माणसाच्या मनात शिरून जे शोधत होतो ते बांधावरून वाहत होतं.

"तुमचं म्हननं काय होतं?" आडकूनं विचारलं. मी सिद्धांत सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला. "म्हंजे ज्यानं बियानं घेतलं तो पुढं पाहनारा?" हो. "ज्यानं नाही घेतलं तो मांगचा?" हो. "डोमाजीनं घेतलं आन आता सोडलं, तो?" मी म्हटलं, त्याला आम्ही अर्धवट बदललेला म्हणतो. आडकूनं डोकं खाजवलं. "मंग मास्तर, तुमचं म्हननं खोटं निंगालं, हे तुमाले कवा समजते?"

मोठमोठ्या परिषदांमध्ये मी पुढं बसून आलो, पण इतका अचूक प्रश्न मला कोणी विचारला नाही. काहीही घडो, जो सिद्धांत हरतच नाही तो काही सांगतही नाही, हे पुढं मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. कुठं शिकलो ते मात्र सांगितलं नाही. 'अभ्यासकांचं असं मत आहे' एवढं म्हणायचो.

त्या अंगणाचा नकाशा काढून मी नागपूर गाठलं. सरांनी तो मन लावून पाहिला. "छान आहे," म्हणाले. "अगदी नवीन आहे. हे पुढच्या प्रबंधासाठी ठेवा." मी म्हटलं, सर, पण मग हा प्रबंध चुकीचा ठरतो. सर म्हणाले, "प्रबंध चुकीचा नसतो हो. अपुरा असतो." मग त्यांनी विचारलं, महाविद्यालयानं मुदत कधीपर्यंत दिली आहे? नवा सिद्धांत उभा करायचा म्हणजे पुन्हा गावं, पुन्हा प्रश्नावल्या, आणखी दोनतीन वर्षं. मला देव्हाऱ्यातलं पत्र आठवलं.

मी घाबरलो. याला दुसरा चांगला शब्द मिळाला असता तर तो वापरला असता, मला तशी सवय आहे. अंगणाचा नकाशा परिशिष्टात गेला, कोणी उघडणार नाही अशा पानावर. डोमाजी तक्त्यात गेला. 'नवे बियाणे स्वीकारून सोडलेले: एक. कारण: चिकाटीचा अभाव.' शेवटी शिफारशी लिहायच्या असतात. मी लिहिलं, गावातल्या पुढाकारी शेतकऱ्याला हेरून त्याच्या उत्तमात उत्तम बांधीत नव्या बियाण्याचं प्रात्यक्षिक करावं. मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी कायम झाली. पेढे वाटले. डोमाजीकडे मात्र पेढे घेऊन जायचं धैर्य झालं नाही. पुढचा प्रबंध अर्थातच कधी लिहिला नाही.

ऐंशीच्या दशकात, आठवडी बाजाराच्या दिवशी डोमाजी माझ्या घरी आला. केस पिकले होते. आडकू बुढा गेल्याचं त्यानं सांगितलं. मग घडी घातलेला एक कागद खिशातून काढला. एक नवी योजना गावात आली होती. कागदावर छापलं होतं, 'पुढाकारी शेतकऱ्याच्या उत्तम बांधीत प्रात्यक्षिक.' माझेच शब्द, माझाच क्रम. त्याच्याच तुडुमाखालचा तुळशीराम नावाचा गडी त्यांनी निवडला होता. "परसो सभा हाय," डोमाजी म्हणाला. "आमचं कोनी आयकत नाही. तुमी एकडाव येऊन जा जी." हा कागद कोणाच्या लिखाणावरून निघाला ते त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. येतो म्हणालो.

सभेला योजनेचे एक अधिकारी आले होते, तरणेताठे आणि मनापासून काम करणारे. त्यांनी शेतकऱ्याच्या मनोवृत्तीवर भाषण केलं. चांगलं केलं, मलाही पटलं असतं. मी उठून म्हटलं, हे प्रात्यक्षिक रांगेत करू नका, पाण्याची अडचण आहे. ते म्हणाले, "काका, याला शास्त्रीय आधार आहे. याच जिल्ह्यातल्या एका विद्वानांचा प्रबंध आहे." मी म्हटलं, "तो मीच." ते धावत येऊन माझ्या पायाच पडले. मी म्हटलं, अहो, तो प्रबंध चुकीचा आहे. ते म्हणाले, "सर, त्याला डॉक्टरेट मिळाली आहे!"

मग त्यांनी माझ्याविरुद्ध माझाच आधार काढला. "त्यात एक शेतकरी आहे. बियाणं घेतलं आणि सोडलं. कारण दिलंय, चिकाटीचा अभाव. म्हणजे दोष बियाण्याचा नाही, पाण्याचा नाही, माणसाचा आहे." सगळ्यांनी डोमाजीकडे पाहिलं. त्या गावात असं करणारा एकच होता.

डोमाजी उभा राहिला. मला वाटलं, आता हा माझे कपडे उतरवणार, आणि उतरवावेतच. तो म्हणाला, "हव जी. ते माहीच चूक होती. मास्तर नाही नाही म्हनत होते, मीनंच हट्ट केल्ता." एवढं बोलून खाली बसला. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, पाहा म्हणून.

मी पुन्हा उठलो. मग म्हटलं, "हा खोटं बोलतोय. हा टेकाडावर लावतो म्हणत होता. रांगेतल्या बांधीत मीच लावायला लावलं. आणि झालेलं नुकसान पाहूनही मी पुस्तकात त्याचा दोष लिहिला, कारण मला नोकरी वाचवायची होती." काही बाया पदराआडून बोलू लागल्या. अधिकाऱ्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. म्हणाले, बांधी दाखवा. तुळशीरामच्या रांगेतलं प्रात्यक्षिक रद्द झालं, टेकाडावर झालं. माझ्या आयुष्यात माझ्या संशोधनाचा समाजाला झालेला उपयोग म्हणाल तर तो हा, की ते एका सभेत मागे घेतलं.

डोमाजी मला करडीपर्यंत पोचवायला आला. वाटेत एकदम भडकला. "चार लोकायत असं कायले सांगितलं? मी सांभाळून घेतलं होतं ना!"

"तू तरी खोटं का बोललास? हट्ट माझा होता. तुला पटलं म्हणून तू लावलंस, एवढंच."

"मले कोठी पटलं होतं?" डोमाजी म्हणाला. "आडकू बुढा बजावून गेल्ता, रांगेत वेगळा धान लावू नोको म्हनून. मले समजत नोहतं का?"

मी रस्त्यातच थांबलो. "मग हो का म्हणालास?"

"तुमाले याद नाही का? त्या दिवशी तुमी आले ते निरा लाल होऊन आले. ओसरीवर भडाभडा ओकले. भागरतानं कांदा फोडून तुमच्या टाळूवर ठेवला, पन्हं पाजलं. उठल्याबरोबर तुमी पुन्हा बियान्याचंच काढलं. तवा भागरता मले आत बलावून म्हने, हो म्हनून टाका एकडाव. एक वर्ष धान गेला तं जाईन, पन हा मानूस अजून एक खेप आला तं उन्हानं मरन."

त्या मुलाखतीच्या कागदावर 'परिस्थिती समाधानकारक' असं लिहिलेलं मला लख्ख आठवलं. करडीला गाडी लागली होती. मी खिडकीशी बसलो. तुडुमाच्या रांगेत नवं बियाणं लावायचा निर्णय ज्या एका माणसानं घेतला, त्या भागरताबाईची प्रश्नावली मी भरलीच नव्हती. आमचा नियम होता, मुलाखत कुटुंबप्रमुखाचीच घ्यायची.